पांढरा उजेड, पण किती पांढरा?

आमच्या छावणीत दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. भाजी, धान्य, चपला, भांडी, जनावरं, काय म्हणाल ते मिळतं. त्यातल्या कापडाच्या दुकानात एक गंमत हटकून पाहायला मिळते. एखादी आजी कापड हातात घेते, दिव्याखाली उलटसुलट करून बघते आणि दुकानदाराला म्हणते, "दादा, जरा बाहेर उजेडात नेऊन बघते हं!"

आता दुकानात दिवे तर लख्ख असतात. मग बाहेर कशाला जायचं? कारण आजीला अनुभवानं ठाऊक असतं की दिव्याखाली काळं वाटलेलं कापड उन्हात गर्द निळं निघू शकतं. दिव्याचा उजेड पांढरा दिसला तरी तो उन्हासारखा पांढरा नसतो. आजीनं विज्ञानाचं पुस्तक वाचलेलं नसेल, पण हा धडा तिला पाठ असतो.

कापडाचा रंग चुकला, तर फार तर कापड बदलून आणावं लागेल. पण समजा, रंग ओळखणारी व्यक्ती दवाखान्यातली आहे. तिच्या समोर कापड नाही, एका आजारी माणसाच्या थुंकीचा थेंब पसरलेली काचपट्टी आहे. तिथं रंग चुकला तर? खोकणारा माणूस "काही नाही झालेलं" असं ऐकून घरी जाईल. घरात त्याची लहान मुलं असतील. म्हणूनच आज आपण दिव्याची गोष्ट ऐकणार आहोत. नुसत्या दिव्याची नाही हं, सूक्ष्मदर्शकाखालच्या दिव्याची!

भिंग आधी, पण दिवा त्याच्याही आधी

सूक्ष्मदर्शक म्हटलं की आपल्याला भिंगं आठवतात. पण अंधारात जगातलं सगळ्यात भारी भिंग धरलं तरी काय दिसणार? काहीच नाही! इंग्लंडमधल्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाला ही अडचण चांगलीच जाणवली होती. त्याचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक १६६५ साली निघालं. बुचाच्या झाडाच्या सालीतले छोटे छोटे कप्पे त्यानं पाहिले आणि त्यांना 'सेल' हे नाव दिलं. आपण त्यालाच पेशी म्हणतो. हे सगळं पाहताना उजेड कमी पडायचा. मग त्यानं काय युक्ती केली? तेलाच्या दिव्यापुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवला. गोळ्यातून जाताना उजेड एकवटायचा आणि नेमका वस्तूवर पडायचा.

पुढे १८९३ साली ऑगस्ट कोलर या जर्मन शास्त्रज्ञानं दिव्याचा उजेड सगळीकडे सारखा कसा पाडायचा याची रीत शोधून काढली. ती आजही वापरतात. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जुना सूक्ष्मदर्शक असेल, तर त्याच्या खाली एक छोटा गोल आरसा दिसेल. खिडकीतला उजेड वर पाठवण्याचं काम त्याचं. आभाळ भरून आलं की मात्र त्या आरशाची पंचाईत!

मग विजेचे दिवे आले. आधी साधे बल्ब, नंतर हॅलोजनचे. हॅलोजनचा उजेड भरपूर, पण तो तापतो फार. आणखी एक खोड म्हणजे त्याचा उजेड कमी केला की तो पिवळा, मग नारिंगी होत जातो. म्हणजे एकच काचपट्टी, पण बटण जरा फिरवलं की तिचे रंग वेगळे! म्हणून सूक्ष्मदर्शकात हॅलोजनपुढे निळसर काच बसवायची पद्धत पडली.

पायरी जितकी उंच, तितका रंग निळा

आता येते आपल्या एलईडीची पाळी. बल्बमध्ये तार तापते म्हणून उजेड पडतो. एलईडीत तार नाहीच. त्यात अर्धवाहकाचा, म्हणजे धातूइतकी सहज वीज न वाहू देणाऱ्या आणि लाकडासारखी पूर्ण न अडवणाऱ्या पदार्थाचा, एक इवलासा तुकडा असतो. वीज सोडली की त्यातले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उड्या मारतात. प्रत्येक उडीबरोबर उजेडाचा एक कण बाहेर पडतो. पायरी बुटकी असेल तर उजेड लाल, थोडी उंच असेल तर हिरवा आणि खूप उंच असेल तर निळा.

बुटकी पायरी बांधणं सोपं, उंच पायरी अवघड. अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली लाल एलईडी केला. पण तेजस्वी निळा एलईडी यायला पुढं तीस वर्षं गेली! त्यासाठी लागणारा पदार्थ होता गॅलियम नायट्राइड. त्याचे चांगले स्फटिक काही केल्या तयार होत नव्हते. अनेक प्रयोगशाळांनी नाद सोडला. जपानमध्ये मात्र तिघं जण चिकटून राहिले. नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो, तर तोकुशिमा इथल्या निचिया नावाच्या कंपनीत शुजी नाकामुरा. १९९३ साली निचियानं लखलखीत निळा एलईडी जगापुढे आणला. या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

तुम्ही म्हणाल, बाई, निळ्या दिव्याचं एवढं काय कौतुक? अहो, पांढऱ्या उजेडाची किल्ली त्या निळ्यातच होती! निळ्या एलईडीवर पिवळ्या भुकटीचा थर दिला की थोडा निळा उजेड तसाच बाहेर येतो आणि थोडा भुकटीत शोषला जाऊन पिवळा होऊन बाहेर पडतो. निळा आणि पिवळा एकत्र डोळ्यांत शिरले की आपल्याला पांढरा दिसतो. १९९६ पासून असे पांढरे एलईडी बाजारात आले. खरं वाटत नसेल, तर घरातल्या मोबाइलचा फ्लॅश बंद असताना नीट पाहा. पिवळा ठिपका दिसेल. तीच ती भुकटी.

माझ्या वर्गातली मुलं इथं लगेच हात वर करतात. "बाई, निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो!" बरोबर आहे, पण ते रंगपेटीतल्या रंगांचं. रंगपेटीतले रंग उजेड गिळतात, आणि दोघांच्याही गिळण्यातून जो वाचतो तो हिरवा आपल्याला दिसतो. दिव्यांच्या बाबतीत उजेडात उजेड मिसळत जातो. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. पिवळ्या उजेडानं त्यातल्या दोन प्रकारच्या जाग्या होतात आणि निळ्यानं तिसऱ्या. तिघीही जाग्या झाल्या की मेंदू म्हणतो, "पांढरा!"

पांढऱ्यातला खड्डा

इथंच खरी मेख आहे. उन्हात इंद्रधनुष्यातले सगळे रंग असतात, कुठंही खंड न पडता. साध्या पांढऱ्या एलईडीत निळ्याचा एक उंच सुळका असतो, मग निळा आणि हिरवा यांच्या मध्ये एक खड्डा, मग पिवळ्याची पसरट टेकडी, आणि गडद लालपर्यंत जाता जाता ती टेकडी उतरून गेलेली. डोळा फसतो आणि पांढरं म्हणतो. पण वस्तूचा जो रंग त्या खड्ड्यात पडतो, तो फिका किंवा मळका दिसतो.

दवाखान्यात रंगावर किती अवलंबून असतं पाहा. गाठीचा तुकडा तपासायला घेतला की त्याचा अतिशय पातळ काप काढतात आणि त्याला दोन रंग देतात. एकानं पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, दुसऱ्यानं बाकीचा भाग गुलाबी. केंद्रकं केवढी आहेत, किती गडद आहेत, यावरून गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे डॉक्टर ठरवतात. तिथं जांभळा आणि गुलाबी नीट वेगळे दिसायलाच हवेत.

म्हणून दिव्याचा 'रंग दाखवण्याचा गुण' मोजतात. सगळे रंग अगदी बरोबर दाखवणाऱ्या उजेडाला १०० पैकी १०० गुण. घरातल्या साध्या एलईडीला ८० च्या आसपास मिळतात. दवाखान्याच्या कामाला ९० च्या वरचे दिवे पसंत करतात. ते कसे करतात? पिवळ्या भुकटीच्या जोडीला लाल उजेड देणारी भुकटी घालतात. किंवा निरनिराळ्या रंगांचे अनेक एलईडी एकाच डबीत बसवून त्यांचा उजेड एकत्र करतात आणि खड्डा भरून काढतात.

एलईडीचे फायदेही तसेच आहेत. उजेड कमी-जास्त केला तरी रंग फारसा बदलत नाही. बटण दाबताच पूर्ण उजेड. वीज कमी लागते. त्याच्या उजेडाबरोबर उष्णता फारशी येत नाही, त्यामुळं काचपट्टीवरचा जिवंत नमुना सुकत नाही. मात्र एलईडीचा तुकडा स्वतः तापतो बरं का! म्हणून त्याच्या पाठीमागं धातूच्या पट्ट्यापट्ट्यांची जाळी बसवतात. ती उष्णता बाहेर टाकते.

काळोखातल्या चांदण्या

आता मी ज्या थुंकीच्या काचपट्टीबद्दल म्हणाले, तिच्याकडे वळू या. हा विषय तुमच्याआमच्या अगदी जवळचा आहे. क्षयरोगाचे, म्हणजे टीबीचे, जगात जेवढे रुग्ण आहेत, त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या भारतात आहे. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. हा जंतू काडीसारखा, लांबीला एका मिलिमीटरचा साधारण तीनशेवा भाग!

तो शोधायची जुनी रीत अशी. थुंकीचा थर काचपट्टीवर पसरायचा, तापवून लाल रंग द्यायचा, मग आम्लानं धुऊन निळा रंग द्यायचा. बाकी सगळं निळं होतं, पण क्षयाचे जंतू लाल रंग सोडत नाहीत. मग सूक्ष्मदर्शकातून १००० पट मोठं करून निळ्या शेतात लाल काड्या शोधायच्या. "जंतू नाहीत" असं म्हणण्याआधी शंभर ठिकाणं तपासावी लागतात. एका काचपट्टीला पाच-सात मिनिटं सहज जातात. अशा वीस-पंचवीस काचपट्ट्या एका दिवसात पाहिल्या की डोळे शिणून जातात. आणि शिणलेला डोळा चुकतो.

दुसरी रीत १९३० च्या दशकापासून माहीत होती. ऑरामीन नावाचा रंग जंतूंना द्यायचा आणि त्यांच्यावर निळा उजेड सोडायचा. ऑरामीन निळा उजेड गिळतो आणि पिवळसर हिरवा उजेड बाहेर टाकतो. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. इथंही माझ्या वर्गातून प्रश्न आला होता, "बाई, उजेड निळा सोडला तर सगळंच निळं का नाही दिसत?" छान प्रश्न! डोळ्यापाशी एक गाळणी-काच असते. ती निळ्याला अडवते आणि पिवळ्या-हिरव्याला सोडते. त्यामुळं आजूबाजूला अंधार आणि त्यात जंतू मात्र चमकणारे. अमावास्येच्या रात्री गच्चीवरून चांदण्या दिसाव्यात तसे!

चमकणारी गोष्ट शोधायला १००० पट मोठं करावं लागत नाही. २०० पट पुरतं. आता हे गणित बघा. १००० च्या जागी २०० पट केलं की एका नजरेत पाचपट रुंद आणि पाचपट लांब जागा दिसते. पाच गुणिले पाच म्हणजे पंचवीसपट जागा! म्हणून तीच काचपट्टी दीड-दोन मिनिटांत पाहून होते. शिवाय जुन्या रीतीनं निसटणारे काही रुग्ण या रीतीनं सापडतात. मात्र पाहणारा माणूस शिकलेला हवा, कारण एखादा धुळीचा कणही चमकून फसवू शकतो.

मग ही रीत सगळीकडे का नव्हती? दिव्यामुळं! त्यासाठी पाऱ्याच्या वाफेचा दिवा लागायचा. तो महाग, तापणारा, आणि दोन-तीनशे तासांत संपणारा. रोज आठ तास लावला तर महिनाभर टिकणार. एकदा बंद झाला की थंड होईपर्यंत पुन्हा लावता यायचा नाही. खोलीत अंधार करावा लागायचा. फुटला तर पाऱ्याचं विष. आणि वीज सारखी जाणाऱ्या गावात तर त्याचा काही उपयोगच नाही. दिवसातले कित्येक तास लोडशेडिंग असायचं, ते दिवस तुमच्या आईबाबांना विचारा!

निळा एलईडी आला आणि हे चित्र पालटलं. एलईडी दहा हजार तासांहून जास्त टिकतो. रोज आठ तासांनी हिशेब केला तर तीन वर्षांहून अधिक. बॅटरीवर चालतो, अंधारी खोली लागत नाही, पाराही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली सांगितलं की पाऱ्याच्या दिव्याऐवजी एलईडीचे सूक्ष्मदर्शक वापरा, आणि जुन्या रीतीच्या जागीही हळूहळू तेच आणा. आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमातही असे सूक्ष्मदर्शक आले.

आता तर त्याही पुढची पायरी आली आहे. काचपट्टीवर जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर थुंकीत ते साधारण पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. जंतूंचा जनुकीय पदार्थ ओळखणारी यंत्रं त्याहून कितीतरी कमी जंतूंवरही रोग पकडतात. त्यातलं 'ट्रूनॅट' हे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यालाही मान्यता दिली. तरी सूक्ष्मदर्शक निवृत्त झालेला नाही. औषध लागू पडतंय का, हे पाहायला तो अजून लागतो.

पोटात नेलेला दिवा

सूक्ष्मदर्शकाचा हा दिवा शरीराच्या आतही पोचला आहे. "दुर्बिणीनं ऑपरेशन झालं" हे तुम्ही मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं असेल. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तोन उदवाडिया यांनी १९९० साली पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. ती भारतातली पहिली. मोठा छेद न घेता, छोट्या भोकांतून नळ्या आत घालून! पण पोटात तर मिट्ट काळोख. बाहेर ठेवलेल्या मोठ्या दिव्याचा उजेड केसासारख्या काचतंतूंच्या जुडग्यातून आत न्यायचा. हे काचतंतूंचं तंत्र घडवणाऱ्यांत पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे मोठं नाव. १९५४ साली त्यांनी आणि हेरॉल्ड हॉपकिन्स यांनी अशा जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं.

पूर्वी या कामाला झेनॉन वायूचा दिवा लागायचा. आता त्याची जागा पांढरे एलईडी घेत आहेत. इथंही रंग चुकून चालत नाही. शीर कुठली, पित्ताची नळी कुठली, सुजलेला भाग कुठला, हे सारं रंगावरूनच कळतं.

आणि आता तर गोळीएवढा दिवा निघालाय! साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड गोळी. तिच्यात कॅमेरा, बॅटरी आणि पांढरे एलईडी. रुग्णानं ती पाण्याबरोबर गिळायची. आतड्यातून प्रवास करता करता ती फोटो काढत जाते आणि बिनतारी संदेशानं बाहेर पाठवते. २००१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. तापणारा बल्ब गिळायला कोण तयार झालं असतं, सांगा बरं?

करून पाहा

१. घरात जुनी सीडी पडलेली असेल. रात्री खोलीत एकच एलईडी बल्ब ठेवा आणि सीडीच्या चकचकीत बाजूत त्याचं प्रतिबिंब तिरकं पाहा. रंगांचा पट्टा दिसेल. ठसठशीत निळ्यानंतर जरा अंधुक जागा दिसते का? तोच खड्डा! मग मोठ्यांना मेणबत्ती लावायला सांगा आणि तिचा पट्टा पाहा. कुठला रंग कमी आहे, ते वहीत लिहा. सूर्याचं प्रतिबिंब मात्र सीडीत कधीही पाहू नका. डोळ्याला कायमची इजा होते.

२. चमचाभर खोबरेल तेलात चिमूटभर हळद घाला. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानदार काकांकडे असतो. मोठ्यांना बरोबर घेऊन अंधाऱ्या जागी तो उजेड हळदीवर पाडा. हळद पिवळसर हिरवी चमकते! ऑरामीन चमकतं ते याच तत्त्वानं. दिवा डोळ्यांत मारू नका, मित्राच्याही नाही.

आईबाबांना वाचून दाखवा

दिवा कितीही चांगला असो, काचपट्टी तिथं पोचलीच नाही तर तो काय करणार? दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, वजन उतरणं, थुंकीतून रक्त, यातलं काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. ती फुकट आहे, औषधंही फुकट. चांगल्या आहारासाठी सरकार रुग्णाला दरमहा मदतही देतं. नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली आहे. साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधानं बरा होतो. मात्र बरं वाटू लागलं म्हणून मध्येच गोळ्या सोडायच्या नाहीत.

आणि मुलांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. कित्येक घरांत हा आजार लपवतात. लोक काय म्हणतील, मुलाला वर्गात कोणी जवळ बसू देईल का, ही भीती असते. वर्गातल्या कुणाच्या घरी हा आजार निघाला, तर त्याला चिडवायचं नाही की टाळायचं नाही. औषध नीट सुरू झालं की रुग्णापासून दुसऱ्याला लागण व्हायचा धोका झपाट्यानं कमी होत जातो. हे तुम्हाला आता ठाऊक झालंय. ते चार जणांना सांगा.

डोकं चालवा

ती गिळायची गोळी सेकंदाला दोन फोटो काढते आणि आठ तास चालते. एकूण फोटो किती? कागदपेन्सिल घ्या, मोबाइलमधला कॅलक्युलेटर नको! उत्तर आलं की विचार करा, एवढे फोटो पाहायला डॉक्टरांना किती वेळ लागत असेल? प्रत्येक फोटोला एक सेकंद धरा. हे दुसरं उत्तर तास-मिनिटांत काढा आणि तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.